शून्य आलं तरी शून्य लिहायचं

२०१८ पासून मी दर आठवड्याला एक फॉर्म भरून पाठवते. छोटासाच आहे, एका पानाचा. या आठवड्यात दवाखान्यात एकूण किती पेशंट तपासले, त्यातले फ्लूसारख्या आजाराचे किती, जुलाब-उलट्यांचे किती, कांजिण्या किती, गालगुंड किती. नाव नाही, पत्ता नाही, फोन नंबर नाही, फक्त वयोगट, ० ते ४, ५ ते १४, १५ ते ६४ आणि ६५ च्या पुढचे, बस. ठरावीक दवाखान्यांमधून असं आजारांवर लक्ष ठेवायचं त्याला सेंटिनल सर्व्हेलन्स म्हणतात, सेंटिनल म्हणजे पहारेकरी. आपला फॅमिली डॉक्टर असं काही करत असेल याची बहुतेकांना कल्पना नसते, मला स्वतःला प्रॅक्टिसची बारा वर्षं होईपर्यंत नव्हती, म्हणून लिहावंसं वाटलं.

सुरुवात अशी झाली की एका सीनियर डॉक्टरांनी विचारलं, "येतेस का आमच्या नेटवर्कमध्ये, आठवड्याला अर्धा तास जाईल." मी लगेच हो म्हटलं. साथ आली की मला तशीही कळतेच असं मला मनापासून वाटायचं, दोन दिवस ओळीने फणफणलेली पोरं आली की मी म्हणणार चला फ्लू सुरू झाला, आणि बऱ्याचदा ते बरोबरही निघायचं. पण बऱ्याचदा म्हणजे नेमकं किती वेळा, आणि फ्लू नसताना मी किती वेळा फ्लू म्हटलं, हे मी कधी मोजलं नव्हतं. आपल्याला बरोबर आलेलं लक्षात राहतं, चुकलेलं विसरून जातो.

अर्ध्या दिवसाचं ट्रेनिंग झालं आणि तिथे पहिलीच अडचण आली ती व्याख्येची. फ्लूसदृश आजाराची डब्ल्यूएचओची व्याख्या अशी आहे की मोजलेला ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त, सोबत खोकला, आणि आजार गेल्या १० दिवसांत सुरू झालेला. तीनही गोष्टी पाहिजेत. मी तिथेच हात वर केला, म्हटलं वयस्कर माणसांना फ्लूमध्ये ताप येतोच असं नाही, नुसतं गळून जातात, जेवण तुटतं, कधी कधी गोंधळल्यासारखं करतात, आणि मला दिसतंय की हा फ्लू आहे, मग मी तो मोजायचा नाही का? ट्रेनिंग घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "नाही मोजायचा. उपचार तुम्हाला जे योग्य वाटतं तेच करा, त्यात आम्ही पडत नाही. पण मोजताना व्याख्येत बसला तरच मोजा."

मला ते पटलं नाही हे खरं सांगते. बरेच दिवस पटलं नाही. नंतर हळूहळू लक्षात आलं की निदान आणि मोजणी ही दोन वेगळी कामं आहेत. निदान समोरच्या एका माणसासाठी असतं, तिथे माझा अनुभव, माझी शंका, सगळं वापरायचं. मोजणी मात्र दुसऱ्या कुठल्यातरी दवाखान्यातल्या डॉक्टरशी आणि पाच वर्षांपूर्वीच्या याच आठवड्याशी जुळवून बघायला असते, तिथे सगळ्यांच्या हातात एकच पट्टी पाहिजे. व्याख्येमुळे काही खरे फ्लूचे पेशंट सुटतात आणि काही दुसरेच आत येतात, पण सुटण्याचं आणि आत येण्याचं प्रमाण दर आठवड्याला साधारण सारखं राहिलं तर चढ-उतार खरा दिसतो. मी माझ्या अंदाजाने आज थोडे जास्त घेतले, उद्या थोडे कमी, तर ग्राफवर साथीचा नाही माझ्या मूडचा चढ-उतार दिसेल.

पहिल्याच महिन्यात हे अंगावर आलं. मी एका आठवड्याला १९ लिहून पाठवले, नेटवर्कच्या ऑफिसमधून फोन, "डॉक्टर, यातल्या किती जणांचा ताप मोजलेला होता?" मी केसपेपर काढले. निम्म्यांवर मी नुसतं "ताप आहे" असं लिहिलेलं. म्हणजे पेशंटने सांगितलं अंगात कणकण आहे, मी कपाळाला हात लावला, लिहून टाकलं. बारा वर्षं मी तसंच लिहीत आले होते आणि उपचारात त्याने काही अडलं नव्हतं. त्या दिवसापासून रिसेप्शनवर थर्मामीटर ठेवला, तापाचा पेशंट आत यायच्या आधी ताप मोजून केसपेपरवर आकडा येतो, घरी मोजला असेल तर घरचा आकडाही लिहितो. एवढी छोटी गोष्ट, पण माझ्या तपासण्यातही फरक पडला, कारण ३७.४ असताना "खूप ताप आहे" म्हणणारे आणि ३९.५ असताना "थोडं गरम वाटतंय" म्हणणारे दोन्ही दिसायला लागले.

दुसरी गोष्ट छेदाची. शाळेत शिकलेला अंश आणि छेद, तोच. या आठवड्यात १२ फ्लूचे, हा झाला अंश, पण कितीपैकी १२? ४० पेशंटपैकी १२ असतील तर ३० टक्के झाले, २०० पैकी १२ असतील तर ६ टक्के, आणि दोन्हीकडे फॉर्मवर १२ च दिसणार. जिथे प्रत्येक माणूस ठरलेल्या एका डॉक्टरकडे नोंदवलेला असतो तिथे छेद सोपा, नोंदवलेली लोकसंख्या घ्यायची आणि दर लाखामागे किती ते काढायचं. आमच्यासारखं जिथे पेशंट मर्जीने कुठेही जाऊ शकतो तिथे एकूण तपासलेले पेशंट हाच छेद धरावा लागतो. मी सुरुवातीला एकूण पेशंटचा आकडा अंदाजाने टाकायचे, दीडशे, एकशे साठ असा गोल, सगळं लक्ष आजारांच्या रकान्यांकडे. खालचा आकडा ढिसाळ असला की वरचा कितीही काटेकोर मोजा, उपयोग नाही. आता रिसेप्शनवरच्या ताई रोज संध्याकाळी रजिस्टर मोजून आकडा लिहून ठेवतात, रक्तदाबाचं औषध न्यायला आलेले, टाके काढायला आलेले, सगळे धरून.

आणि मग शून्य. साथीचा काळ संपला की आठवडेच्या आठवडे काही नसतं. ताईंनी एकदा विचारलं, "मॅडम या वेळी रकाने सगळे मोकळेच आहेत, फॉर्म पाठवायचा का?" मी म्हटलं राहू दे, काही नाहीच आहे तर काय पाठवायचं. तीन आठवडे नाही पाठवला. चौथ्या आठवड्यात ऑफिसमधून फोन आला आणि त्या मुलीने खूप शांतपणे समजावलं की तुमचा फॉर्म आला नाही की आम्हाला दोन शक्यता दिसतात, आजार नाही किंवा डॉक्टर नाही, आणि या दोन शक्यता आम्ही इथे बसून वेगळ्या करू शकत नाही. तुम्ही १३० पेशंट तपासले आणि त्यात एकही सापडला नाही ही माहिती आहे. मोकळा रकाना ही माहिती नाही. मी फोन ठेवला आणि मला खरंच वाईट वाटलं, कारण ते तीन आठवडे मी सोमवार ते शनिवार दवाखान्यात बसलेले होते, बघत होते, आणि ते बघणं सगळं वाया घालवलं होतं.

ट्रेनिंगमध्ये एका डॉक्टरबद्दल सांगितलं होतं ते मला फार आवडलं आणि मी नंतर शोधून वाचलं. विल्यम पिकल्स नावाचे इंग्लंडमधले खेड्यातले डॉक्टर, यॉर्कशायरमध्ये वेन्सलीडेल नावाचं खोरं आहे तिथे प्रॅक्टिस करायचे. छोटी छोटी गावं, बाहेरून येणारं-जाणारं कमी, त्यामुळे कोण कोणाला कधी भेटलं हे विचारलं तर सापडायचं. ते रोजच्या संसर्गाच्या केसेस रंगीत खुणा करून तक्त्यावर मांडायचे. १९२९ मध्ये तिथे काविळीची साथ आली, पिकल्स यांनी एकेका पेशंटचा मागचा संपर्क शोधून काढला आणि लागण झाल्यापासून आजार दिसेपर्यंत २६ ते ३५ दिवस जातात असं दाखवलं. लॅब नाही, मशीन नाही, हाताशी फक्त ओळखीचे पेशंट आणि नेटाने ठेवलेली नोंद. नंतर १९५३ मध्ये तिथल्या जनरल प्रॅक्टिशनर्सच्या कॉलेजचे ते पहिले अध्यक्ष झाले. आणि फ्रान्समध्ये १९८४ ला फॅमिली डॉक्टरांचं नेटवर्क सुरू झालं तेव्हा डॉक्टर टेलिफोन लाइनवरच्या मिनिटेल नावाच्या टर्मिनलवरून आकडे पाठवायचे, आपण इंटरनेट म्हणतो त्याच्या कितीतरी आधी. मला मोबाइलवर फॉर्म भरायला कंटाळा येतो तेव्हा मी त्या लोकांची आठवण काढते.

पिकल्सचं काम मला नीट कळलं ते कांजिण्यांमुळे. एका आठवड्यात कांजिण्यांचे २, पुढच्या आठवड्यात ०, मी म्हटलं संपलं, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात एकदम ५. पाचही लहान मुलं, आणि आयांना विचारलं तर चार जण पहिल्या दोघांच्याच वर्गातले. कांजिण्यांचा इन्क्युबेशन पीरियड, म्हणजे लागण झाल्यापासून आजार दिसेपर्यंतचा काळ, १० ते २१ दिवस, जास्त करून १४ ते १६, म्हणजे मधला शून्याचा आठवडा हा आजार संपल्याचा नव्हताच, तो पुढच्या मुलांच्या अंगात वाढत होता. पुस्तकात मी हे शंभर वेळा वाचलंय, पण स्वतःच्या फॉर्मवर २, ०, ५ असं एकाखाली एक दिसलं तेव्हा ते डोक्यात बसलं. त्या पाचातला एक तर मी जवळजवळ सोडलाच होता, लस घेतलेला मुलगा, अंगावर मोजून वीस-पंचवीस पुळ्या, पाण्याचे फोड जवळजवळ नाहीत, ताप नाही, आई म्हणाली डास चावलेत. लस घेतलेल्यांना कांजिण्या झाल्याच तर अशाच सौम्य होतात. केसांत बघितलं तर तिथेही दोन पुळ्या होत्या, आणि वर्गाचं कळल्यावर शंका राहिली नाही.

आता माझी सगळ्यात मोठी चूक. जॉइन झाल्यानंतरच्या पहिल्याच मोठ्या सीझनमध्ये फ्लूची साथ अगदी वर गेलेली, बाहेर बसायला जागा नाही, लोक जिन्यात उभे, मी सकाळी नऊला बसले की दुपारी तीनला उठायचे आणि परत पाचला. त्या आठवड्यात मी नोंद ठेवलीच नाही, म्हटलं शेवटी बसून आठवून भरू. रविवारी रात्री बसले, आठवलं तसं लिहिलं, २३. पुढच्या आठवड्यात ग्राफ आला तर सगळ्या नेटवर्कची रेघ वर जातेय आणि माझी खाली. मी केसपेपरचा गठ्ठा काढून बसले, दोन तास लागले, व्याख्येत बसणारे ४१ निघाले. जवळपास निम्मे मी विसरले होते. आणि विचार केला तर हे माझं एकटीचं कसं असेल, ज्या आठवड्यात आजार सगळ्यात जास्त त्याच आठवड्यात डॉक्टरला लिहायला वेळ सगळ्यात कमी, म्हणजे पहारेकरी नेमका गर्दीच्या वेळी डुलकी घेणार आणि साथ आहे त्यापेक्षा लहान दिसणार. मी दुरुस्त आकडा पाठवला, त्यांनी घेतला, ताज्या आठवड्याचे आकडे नेहमी तात्पुरतेच धरतात आणि उशिरा आलेले जोडत जातात हे मला तेव्हा कळलं.

तेव्हापासून टेबलाच्या खणात एक जाड कार्ड असतं, प्रत्येक आजाराचे चार चौकोन, वयोगटाप्रमाणे. पेशंट उठून दारापर्यंत जायच्या आत रेघ ओढायची. चार उभ्या आणि पाचवी त्यांच्यावरून आडवी. पेनही खणातच, दोऱ्याने बांधलेलं, कारण पेन शोधायला लागलं की मी पुढच्या वेळी करू म्हणते आणि पुढची वेळ येत नाही हे मला माहीत आहे. शनिवारी मोजायला पाच मिनिटं लागतात.

स्वॅबचं काम, म्हणजे नाका-घशात काडी फिरवून तपासणीसाठी नमुना घ्यायचं, वर्षभरानंतर घेतलं. लक्षणांवरून मोजलेला फ्लू आणि खरा फ्लू यात फरक किती हे त्यावरूनच कळतं. इथेही नियम कडक, सगळ्यात जास्त आजारी वाटतो त्याचा घ्यायचा नाही, ओळखीचा आहे आणि नाही म्हणणार नाही म्हणून त्याचा घ्यायचा नाही, ठरलेल्या दोन वारी व्याख्येत बसणारे पहिले दोन पेशंट, जे कोण येतील ते, अर्थात त्यांची परवानगी असेल तर. निवड माझ्या हातात ठेवली की मी नकळत "हा नक्की फ्लू आहे" असे निवडणार आणि निकाल फुगणार. घशाची काडी सोपी, नाकाची अवघड, नाकाच्या तळाने सरळ मागे न्यायची, वर नाही, नायलॉनच्या मऊ केसांचं टोक असतं तिचं, तिथे दोन-चार सेकंद ठेवून फिरवत बाहेर काढायची, दोन्ही काड्या गुलाबी द्रव असलेल्या ट्यूबमध्ये घालून खाचेवर मोडायच्या, झाकण घट्ट. गुलाबी द्रव पिवळा पडला असेल तर ती ट्यूब वापरायची नाही. डोळ्यांत पाणी येतंच सगळ्यांच्या. एका सहा वर्षांच्या मुलीने मला विचारलं, "हे माझ्यासाठी आहे का?" आणि मी तिला खरं सांगितलं की थोडं तुझ्यासाठी आणि जास्त बाकीच्यांसाठी आहे, तिने विचार केला आणि डोकं मागे टेकवलं. ते मी विसरत नाही. पहिल्या आठवड्याचे दोन सॅम्पल मात्र वाया गेले कारण आमच्याकडे ते फ्रीजरमध्ये ठेवले गेले, ते २ ते ८ अंशांत ठेवायचे असतात, साध्या फ्रीजरमध्ये विषाणू टिकत नाही. चूक माझीच होती, मी नीट सांगितलं नव्हतं.

निकाल यायला लागल्यावर माझा जुना आत्मविश्वास बराच खाली आला. ज्यांना मी पैजेवर फ्लू म्हटलं असतं त्यांच्यात आरएसव्ही निघाला, रायनोव्हायरस निघाला, म्हणजे सर्दी-खोकल्याचे दुसरेच विषाणू, काहींत काहीच सापडलं नाही. पण उलटा फायदाही झाला. नेटवर्कचा आठवड्याचा रिपोर्ट येतो त्यात एक आडवी रेघ असते, मागच्या वर्षांच्या शांत आठवड्यांवरून काढलेली, तिच्या वर आकडा गेला की सीझन सुरू झाला असं धरतात. रेघेच्या वर असताना आणि स्वॅबमध्ये फ्लू दिसत असताना माझ्यासमोर ताप-खोकल्याचा पेशंट आला तर तो फ्लू असण्याची शक्यता खरोखर जास्त असते, शांत महिन्यात तोच पेशंट तसाच आला तरी शक्यता कमी. ते कळल्यावर माझी अँटिबायोटिक्स कमी झाली. "डॉक्टर काहीतरी स्ट्राँग द्या" म्हणणाऱ्याला मी मोबाइलवर तो ग्राफ दाखवते, हा बघा सध्या हा विषाणू फिरतोय, यावर अँटिबायोटिक चालत नाही, श्वास लागला, ताप उतरून परत चढला तर लगेच या. ग्राफ बघितल्यावर लोक ऐकतात, माझ्या नुसत्या सांगण्याने इतके ऐकत नव्हते.

एक गोष्ट मात्र या आकड्यांत येत नाही, घरीच झोपून बरे झालेले. ते खूप असतात. आणि टीव्हीवर एखाद्या आजाराची बातमी जोरात चालली की साधी शिंक आलेलेही येतात, तेव्हा आकडा वाढतो तो भीतीने. रिपोर्ट वाचताना हे डोक्यात ठेवावं लागतं.

२०२० मध्ये तर सगळंच उलटपालट झालं. लोक दवाखान्यात यायचेच बंद झाले, ताप-खोकला असलेले वेगळीकडे जायचे, निम्मे पेशंट फोनवर, अंश बदलला, छेद बदलला, मागच्या वर्षांशी तुलनाच करता येईना. तरी आम्हाला सांगितलं होतं की फॉर्म आणि स्वॅब थांबवू नका. आम्ही पीपीई घालून जे थोडे येतील त्यांचे घेत राहिलो. आणि माझ्या दवाखान्यातून गेलेल्या सॅम्पलमध्ये त्या पूर्ण सीझनला फ्लू एकदाही नाही. शून्य, शून्य, शून्य. जगभर तसंच चाललं होतं, फ्लू जवळजवळ दिसेनासा झाला होता.

पुढे फ्लू परत आला. पण त्याचा एक प्रकार परत आलाच नाही. फ्लू बीच्या दोन वंशावळी होत्या, व्हिक्टोरिया आणि यामागाता, त्यातली यामागाता मार्च २०२० नंतर खात्रीने कुठेही सापडलेली नाही. फ्लूच्या लशीत काय घालायचं हे डब्ल्यूएचओ वर्षातून दोनदा ठरवते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी, आणि सप्टेंबर २०२३ च्या बैठकीत त्यांनी सांगितलं की लशीत यामागाता घालायची आता गरज नाही. मी ते वाचलं तेव्हा बराच वेळ तशीच बसून राहिले. एखादी गोष्ट नाही असं म्हणायला किती जणांनी किती वेळा शोधावं लागलं असेल, कुठल्या कुठल्या दवाखान्यांत किती लोकांनी डोळ्यांत पाणी आणून नाकात काडी घालू दिली असेल, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी नाही सापडली म्हणून लिहून पाठवलं असेल. त्यांनी सगळ्यांनी रकाना मोकळा सोडला असता तर कोणाला काय कळलं असतं.

मागच्या महिन्यात एक नवीन डॉक्टर जॉइन झाली नेटवर्कमध्ये, माझ्याकडेच काही दिवस शिकायला होती. परवा तिचा फोन आला, "मॅडम, या आठवड्यात काहीच नाहीये हो, पाठवू का तसाच?"

मी विचारलं, एकूण किती तपासलेस?

ती म्हणाली थांबा, आणि रजिस्टरची पानं उलटल्याचा आवाज आला. बराच वेळ मोजत होती. "एकशे अठरा."

मग तसं लिही म्हटलं, ११८ पैकी ०, चारही वयोगटात.